बिनतारी देवीला भूक लागते

सर्जेरावांच्या ओसरीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं जोत्यावर होती, अंगणात होती, कडब्याच्या गंजीवर होती. ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही ती माळवदावर चढून झरोक्याला डोळा लावून बसली होती. सगळ्यांच्या माना वर होत्या, कारण ओसरीच्या तुळईला एक डबा टांगलेला होता.

डबा गोल होता, छोट्या भाकरीएवढा, शेंदराने माखलेला. कडेला बारीक भोकं होती आणि एका भोकातून लाल ठिपका मिणमिणत होता. त्या ठिपक्यापुढे शेदीडशे माणसं हात जोडून उभी होती. मी गावच्या शाळेत मराठी शिकवायचो. पोरांचं लक्ष वर्गात का लागत नाही, याचा विचार करण्यात माझी उमर गेली होती. त्या दिवशी पोरांचे बाप बघितले आणि विचार करायचं सोडून दिलं.

"तार हाये का?" डब्याखाली उभे असलेले महाराज गरजले.

"न्हाई!" गर्दी म्हणाली.

"दोरी हाये का?"

"न्हाई!"

"लाइट हाये का?"

"न्हाई!" हे उत्तर आमच्या गावात दिवसाच्या कुठल्याही वेळी बरोबर असायचं.

"मंग आतून कोण बोलतं? माझी माय बोलती! दिल्लीचं सरकार तारेवर बोलतं, माझी माय बिनतारी बोलती! जिच्या अंगात करणी हाये, ती खाली आली की माय किंचाळती. बिलकुल बराबर वळखती!"

महाराजांचं नाव बिनतारी महाराज. कवड्यांची माळ, भगवी लुंगी आणि मनगटाला चकचकीत विलायती घड्याळ. कोणी म्हणे ते हिमालयातून आले, कोणी म्हणे गिरनारहून. त्यांना शहागडला ट्रकमधून उतरताना वडीगोद्रीच्या एका पानवाल्याने पाहिलं होतं, पण पानवाल्याला विचारतो कोण? हिमालय ऐकायला बरा वाटतो.

आता महाराजांना बोलवायची पाळी का आली, तेही सांगतो. तो सत्तरच्या दशकातला एक हिवाळा होता. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागलेली, म्हणून घरोघरी एक खोली कापसाने छतापर्यंत भरलेली. बाकीच्यांचा कापूस गुमान पडून होता. सर्जेरावांचा मात्र मधूनच पेट घ्यायचा. खोलीत दिवा नाही, चूल नाही, माणूस नाही, दाराला बाहेरून कडी, आणि आतून धूर! दोनदा घागरी ओतून विझवला. तिसऱ्यांदा निम्मा ढीग काळा झाला आणि गावाने एका सुरात सांगितलं, भानामती.

आमच्या भागात भानामती म्हटलं की "कशामुळे" असं कुणी विचारत नाही. "कोणी केली" असं विचारतात. आणि त्याचं उत्तर नेहमी एखादी बाई असते. ती विधवा असावी, तिला मूलबाळ नसावं आणि घरात तिच्या बाजूने बोलणारं कुणी नसावं. सर्जेरावांची भावजय साळूबाई या तिन्ही विषयांत पहिल्या वर्गात पास होती. तिचा नवरा, म्हणजे सर्जेरावांचा थोरला भाऊ, वारून बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून ती त्या घरात राबत होती. कापूस वेचायला तिच्यासारखा हात गावात नव्हता. जळालेल्या ढिगातला निम्मा कापूस तिनेच वेचलेला होता. आपल्याच हाताने वेचलेला कापूस बाई कशाला जाळील, हा प्रश्न कुणाला पडला नाही. प्रश्न पडायला डोकं खाली लागतं, सगळ्यांची वर होती.

तर महाराजांनी घरातल्या एकेकाला डब्याखाली बोलावलं. सर्जेराव आले. महाराजांनी फुलांचं ताट ओवाळलं. देवी गप्प. सर्जेरावांची बायको उषाबाई आली. पुन्हा फुलांचं ताट, देवी गप्प. मग साळूबाई आली. तिने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. महाराजांनी ताट खाली ठेवलं, धुपाटणं उचललं, निखाऱ्यावर मूठभर ऊद टाकला आणि "बाहेर निघ! बोल, कोण हायेस!" असं ओरडत तिच्या डोक्यावर, थेट डब्याखाली धरलं.

देवी किंचाळली. तसला आवाज त्या गावाने आजवर ऐकला नव्हता. एकसारखा, कान फाडणारा, दम न घेता. बैलांनी दावी ओढली, गंजीवरचे दोघे खाली आले आणि अख्खी ओसरी जमिनीवर आडवी झाली. आडवं होताना एकमेकांच्या अंगावर पडून काही भाविकांना लागलंही. त्याचाही ठपका साळूबाईवरच आला.

"म्या काय केलं?" ती एवढंच म्हणत होती. "म्या काय केलं हो?"

सरपंच कडूबांनी घसा खाकरून निर्णय दिला. अमावस्येला पंचांसमोर पुन्हा एकदा देवीचा कौल घ्यायचा. देवी पुन्हा किंचाळली तर साळूबाईने वेशीबाहेर जायचं आणि परत गावात पाय ठेवायचा नाही. तोवर तिने चुलीला हात लावायचा नाही आणि गोठ्यात झोपायचं. कडूबा माणूस वाईट नव्हता. फक्त गर्दी जिकडे जाईल तिकडे तो सगळ्यांच्या पुढे चालायचा.

माझ्या शेजारी आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या, बेबीनंदाबाई. वय पंचविशीचं, शहागडच्या. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर त्यांच्या वडिलांनी, अप्पारावांनी, घरातले देव उतरवून त्या फळीवर पुस्तकं मांडली होती. बाई त्या फळीखाली वाढलेल्या. सगळे आडवे झाले तेव्हा त्या उभ्याच होत्या, त्यामुळे त्यांना जरा जास्त दिसलं.

"सर, ऊद कुणाकुणाच्या वेळी टाकला?" त्यांनी मला विचारलं.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो. "मी कान झाकत होतो."

"माझं होतं. फक्त साळूबाईच्या वेळी." आणि त्या सरळ पुढे गेल्या. "महाराज, एकदा सर्जेरावांनाही धुपाटणं दाखवा. आणि साळूबाईंना फुलांचं ताट."

महाराजांनी बाईंना खालून वर न्याहाळलं आणि गोड आवाजात म्हणाले, "माय, तुमचा आमच्या देवावर इश्वास न्हाई. तुमी लांबच राहा. देवी रुसती."

कडूबा म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या, तुमचं बराबर असंल. पण ह्यो देवाधर्माचा मामला हाये."

बाई परत आल्या. वाटेत म्हणाल्या, "सर, मला राग आलाय." मी म्हटलं, मलाही आलाय, पण तुमचा कामाला येईल, माझा नुसताच येतो.

दुसऱ्या दिवशी नवा चमत्कार झाला. देवी टिचक्या वाजवू लागली. टिच्. थोडा वेळ शांत. पुन्हा टिच्. खाली कुणी नाही, ऊद नाही, काही नाही, आणि वरून आपली टिच्. उषाबाई पदर सावरत धावत आली. महाराजांनी वर बघितलं, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या आवाजाची त्यांनाही आमच्याइतकीच ओळख होती. पण महाराजांचं तोंड त्यांच्या डोक्यापेक्षा जलद चालायचं.

"भूक!" ते म्हणाले. "मायला भूक लागली! टिचक्या वाजवून बोलवून राह्यली!"

झालं. शिरा आला, पुरणपोळी आली, तुपाची वाटी आली. ताट डब्याखाली ठेवायचं, पडदा लावायचा, आणि पडदा उघडला की ताट रिकामं. देवीच्या वतीने जेवायचं काम महाराज एकटे करत होते आणि त्यात कसूर करत नव्हते. पहिले दोन दिवस देवी शाकाहारी होती. नंतर तिला कोंबडी लागली. सर्जेराव माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, त्यांच्या चुलीवर ते शिजणार नाही. म्हणून कोंबडी कडूबांच्या घरून आली. देवी कोंबडी जेवली आणि म्हणाली, टिच्.

सर्जेरावांची भक्ती मात्र बघण्यासारखी होती. माळ घातल्यापासून त्यांनी बिडीकाडी सोडली होती आणि संध्याकाळी पारावर बसून ते पोरासोरांना व्यसनमुक्तीवर ऐकवायचे. शिवाय रोज कापसाच्या खोलीत दार लोटून एकटे जप करायचे. आगी लागायला लागल्यापासून जप वाढवला होता. "म्या जपाला बसतो म्हून एवढं तरी वाचलं," असं ते सांगायचे.

"भूक लागलीय हे खरं आहे, सर," बेबीनंदाबाई शाळेत मला म्हणाल्या. "पण पुरणाची नाही. आपल्या ट्रान्झिस्टरचा सेल संपत आला की काय होतं?"

"बातम्या देणारा घोगरा होतो."

"मग आपण त्याला शिरा भरवतो का?"

गावात सात-आठ ट्रान्झिस्टर होते. लोक ते सायकलच्या दांड्याला लटकवून बाजारहाट करायचे. त्यालाही तार नव्हती, त्यातूनही कोणीतरी बोलायचं, गायचं, बाजारभाव सांगायचं, आणि आजवर त्याला कुणी नारळ फोडला नव्हता. त्याच्यावर शेंदूर नव्हता ना!

अमावस्येला दुपारी पुन्हा तीच गर्दी जमली. त्यात आता आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची माणसंही होती. साळूबाईला गोठ्यातून आणलं. तिने गाठोडं बांधून बरोबरच आणलं होतं. निकाल काय लागणार हे तिला कुणी सांगायला नको होतं. सर्जेराव कापसाच्या खोलीत जपाला बसले होते. ते जरा उशिराने डोळे पुशीत बाहेर आले आणि पंचांच्या शेजारी बसले.

महाराजांनी ऊद टाकला. धुपाटणं साळूबाईच्या डोक्यावर धरलं. "बोल!"

देवी बोलली नाही.

महाराजांनी आणखी ऊद टाकला. मग आणखी. ओसरीत माणसाला माणूस दिसेना. पंच खोकू लागले, झरोक्यावरचे लोक डोळे चोळत खाली उतरले. देवी गप्प. टिचकीसुद्धा नाही. लाल ठिपकाही दिसत नव्हता. महाराजांच्या तोंडचं पाणी पळालं, पण तोंड शाबूत होतं.

"गिळली!" ते किंचाळले. तेवढ्यापुरतं देवीचं काम त्यांनी स्वतःच केलं. "हिनं मायची वाचा गिळली! देवीला खाणारी बाई हाये ही! जल्दी बाहेर काढा हिला!"

"व्हय व्हय!" गर्दी म्हणाली. "देवीला गिळली!"

म्हणजे बघा. किंचाळली तर बाई चेटकीण, गप्प बसली तर मोठी चेटकीण. असा सोयीचा न्याय इंग्रजांनाही जमला नसता.

दोघेजण साळूबाईचा दंड धरायला पुढे झाले. तेव्हा तिने पहिल्यांदा पदर सोडला आणि तोंड वर केलं.

"थांबा," ती कडूबांना म्हणाली. "येतेच म्या. पण आबा, मला येवढं सांगा. त्या दिशी देवी वरडली तवा म्या वाईट. आज गप्प हाये, तरी म्याच वाईट. मंग देवीनं काय केलं असतं म्हंजी म्या चांगली ठरले असते?"

कडूबांनी आधी पंचांकडे बघितलं, मग महाराजांकडे. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, पण शेदीडशे माणसांना एका वाक्यात गप्प करणारं ते एकच.

त्या शांततेत बेबीनंदाबाई पुढे आल्या. "आबा, देवी गिळलेली नाही. उपाशी आहे. मला पाच मिनिटं द्या, मी जेवायला घालते."

"हात लावू नका!" महाराज आडवे आले. "हिचा हात लागला तर इटाळ व्हईल!"

कोणाचा हात आणि कसला विटाळ, ते ओसरीत सगळ्यांना कळलं. काहींनी माना खाली घातल्या. कडूबा पुन्हा गर्दीचा कल बघू लागले. तेवढ्यात साळूबाईच बोलली. "देवी माझ्यासाठी बसवली ना? मंग म्या सांगते. बाई, लावा तुमी हात."

ती गाठोडं घेऊन दारात जाऊन उभी राहिली. बाईंनी बाजेवर स्टूल ठेवलं आणि चढल्या. मी स्टूल धरलं. या सगळ्या प्रकरणात माझं योगदान तेवढंच. त्यांनी डबा हळूच फिरवला, झाकण निघून हातात आलं. आत देवी नव्हती. एक छोटा चौकोनी सेल होता, तसाच जसा शाळेच्या ट्रान्झिस्टरला लागतो. बाईंनी तो काढला, पिशवीतला नवा सेल लावला, झाकण बसवलं. ओसरीत अजून उदाचा ढग होताच.

देवी किंचाळली!

अर्धी गर्दी पुन्हा आडवी झाली. "वरडली! वरडली! बघा, करणी!" महाराज नाचू लागले.

"कुणावर?" बाई स्टुलावरून ओरडून म्हणाल्या. "साळूबाई तर तिकडं दारात आहेत. खाली जगन्नाथ सर उभे आहेत!"

गर्दीने माझ्याकडे बघितलं. मी शक्य तितका निरुपद्रवी चेहरा केला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी पोरांवर भरपूर व्याकरण केलं, पण करणी कधी केली नव्हती.

"दारं उघडा. उपरण्यानं धूर बाहेर घालवा," बाई म्हणाल्या. चारपाच जणांनी उपरणी फिरवली. धूर विरला आणि देवी आपोआप गप्प झाली. "आता साळूबाई, या इथं." साळूबाई डब्याखाली येऊन उभी राहिली. टिचकी नाही. "कडूबा आबा, आता तुम्ही. आणि धुपाटणं हातात घ्या."

"म्या कशाला?"

"सरपंच आहात म्हणून."

कडूबांनी धुपाटणं घेतलं, ऊद टाकला, आणि देवीने सरपंचांच्या नावाने गाव डोक्यावर घेतलं. गंजीवरून कोणीतरी "आबा, तुमी व्हय भानामती!" असं ओरडलं आणि पहिल्यांदा त्या ओसरीत हशा पिकला. मग धूर घालवून महाराजांना आणलं. ते येत नव्हते, त्यांना आणावं लागलं, आणि त्यांच्याच धुपाटण्यात पुन्हा ऊद टाकला. देवीने आपल्या भक्तालाही सोडलं नाही.

"आत बारीकशी वीज सतत फिरत असते," बाई समजावून सांगू लागल्या. "धुराचे कण या भोकांतून आत शिरले की ती अडखळते. ती अडखळली की भोंगा वाजतो. डब्याला फक्त धूर कळतो. धूर उदाचा की भाकरीचा हेसुद्धा कळत नाही, मग माणूस काय कळणार? आणि सेल उतरला की तो बदलून मागण्यासाठी टिचकी वाजते. ती तुम्ही पुरणपोळीवर भागवली." त्यांनी लुगड्याच्या चिंधीने शेंदूर पुसला. खाली इंग्रजी अक्षरं निघाली. धुराची सूचना देणारं यंत्र, छताला लावा, चुलीपासून लांब ठेवा, भोकं साफ करा, मधूनमधून बटण दाबून तपासा. देवीचं स्तोत्र एवढंच होतं.

कडूबांनी महाराजांची मान धरली तेव्हा उरलेली पुराणकथा बाहेर आली. महाराज मुंबईला एका परदेशी साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. साहेबाने स्वयंपाकघराबाहेर हा डबा लावला होता आणि महाराजांची पोळी करपली की डबा बोंबलायचा. साहेब मायदेशी गेला तेव्हा बाकीचं सामान घेऊन गेला, डबा छताला राहिला. पोळ्या करपवण्यात हातखंडा असलेल्या माणसाने त्यातून देवी काढली. सेल साहेब बदलायचा, त्यामुळे ती विद्या महाराजांपर्यंत पोचली नव्हती.

लोक आता महाराजांना धरायला सरसावले. पण बाईंना अजून एक विचारायचं होतं.

"आग कुठं लागते, आबा?"

"कापसाच्या खोलीत."

"मग धुराचा डबा ओसरीत काय करतोय?"

खरंच की! एवढे दिवस एवढी माणसं त्या डब्याखाली बसली होती, पण जिथे आग लागते तिथे तो न्यावा, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हटल्यावर चोराच्या खोलीत कोण डोकावतो?

"कशाला आता?" सर्जेराव घाईने उठले. "झालं ना सगळं. खोलीत म्या जप करतो, तिथं बायामाणसं नको."

बाईंनी ऐकलं नाही. डबा कापसाच्या खोलीत नेला, छताजवळच्या खुंटीला अडकवला. सगळे दारात दाटीवाटीने उभे राहिले. काही झालं नाही. एक म्हातारा म्हणाला, चला, भाकरीची येळ झाली. माणसं वळली, तोच डबा ओरडला. खोलीत धुपाटणं नव्हतं. धूरही डोळ्यांना दिसत नव्हता.

"भानामती!" कोणीतरी सवयीने म्हणालं.

बाई गुडघ्यांवर बसून कापूस हाताने उपसू लागल्या. साळूबाईही शेजारी बसली, तिच्या हाताला तो कापूस ओळखीचा होता. हातभर आत गेल्यावर करपट वास आला. मग एक तपकिरी भोक दिसलं, आतून लालसर. साळूबाईने तो गोळा उपसून बाहेर काढला आणि घागर ओतली. विझलेल्या गोळ्यात अर्धवट जळालेली बिडी होती. तिचा लाल दोरासुद्धा शाबूत होता.

"कापसात निखारा पडला की तो लगेच भडकत नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आत आत पोखरत जातो. धूरही बाहेर येत नाही. चारसहा तासांनी कुठंतरी हवा लागते, आणि मग पेटतो. तोवर बिडी ओढणारा जेवून ढेकर देत असतो."

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. उषाबाई पुढे आली. तिने नवऱ्याच्या बंडीच्या खिशात हात घातला आणि बिडीचं बंडल आणि काडेपेटी बाहेर काढली.

"ह्यो जप करून राह्यले व्हय तुमी?"

सर्जेराव गळ्यातली माळ चाचपत राहिले. "तल्लफ लई वाईट असती," ते पुटपुटले. "माळ घातल्यावर चारचौघांत ओढू कसा?"

आता जे झालं त्याची मला खरी चीड आली. सगळ्यांचे आवाजच उतरले. "जाऊ द्या, माणूस हाये," एक म्हणाला. "चुकून झालं," दुसरा म्हणाला. कडूबा साळूबाईकडे वळून म्हणाले, "वैनी, झालं गेलं गंगेला मिळालं. घरातली गोष्ट घरात ठेवा."

साळूबाईच्या हाताला काजळी लागली होती. ती उठली.

"आबा, माझं नाव घेतलं तवा येशीवरच्या माणसाला ऐकू गेलं. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं बघायला आली. आता भावजीचं नाव घ्यायचं तर तुमी कामून कुजबुजून राह्यले? म्या गोठ्यात झोपले, आबा. चुलीला शिवू दिलं न्हाई मला. मोठ्यानं सांगा. जेवढ्या मोठ्यानं माझं सांगितलं, तेवढ्याच."

कडूबा पागोट्याशी चाळा करू लागले. गर्दीचा कल बघायचा तर गर्दी खाली बघत होती. शेवटी त्यांनी सर्जेरावांना दंडाला धरून अंगणात आणलं आणि सर्जेरावांनी सगळ्या गावासमोर, पुरेशा मोठ्याने, सांगितलं: आग माझ्या बिडीने लागली, वैनीचा काही दोष नाही. दुसऱ्यांदा सांगायला लावलं, कारण पहिल्यांदा गंजीवरच्यांना ऐकू गेलं नव्हतं. या धांदलीत महाराज देवीला सोडून शहागडच्या दिशेने निघून गेले. जाताना सर्जेरावांच्या वहाणा घालून गेले.

डबा त्या खोलीतच राहिला. साळूबाई बटण दाबून तो बोलतो का ते बघते आणि भोकांतली धूळ कोंबडीच्या पिसाने काढते. मध्यंतरी एका म्हातारीने श्रद्धेने त्याला हळदकुंकू लावलं. साळूबाईने ते लगोलग पुसलं. "माय, भोकं बुजतात," ती म्हणाली. "मंग धूर जाईल कुठून?" गोठ्यातलं अंथरूण तिने स्वतः उचलून घरात आणलं. तिला कुणी "ये" म्हणायची वाट ती बघत बसली नाही.

वाचकहो, शहाणपणा शिकवायचा मला अधिकार नाही, मी फक्त स्टूल धरलं होतं. तरी हात जोडून एक सांगतो. पुढेमागे तुमच्या गावात कापूस पेटेल, कपडे जळतील, छपरावर दगड पडतील. तुमच्यापुढे कोणी तार नसलेला, शेंदूर फासलेला डबा ठेवील. हात जोडायच्या आधी हात पुढे करा, झाकण उघडून बघा. एकाच्या वेळी ऊद आणि दुसऱ्याच्या वेळी फुलं का, असं विचारा. दोघांच्या वेळी सारखंच करायला लावा. देव असेल तर तो प्रश्नाने रुसणार नाही, आणि रुसला तर समजा आत सेल आहे. आग लागली की आधी धूर कुठून येतो ते शोधा, बाई शोधायला जाऊ नका. त्या अमावस्येला सेल लावायला जरा उशीर झाला असता, तर साळूबाई गाठोडं घेऊन वेशीबाहेर गेली असती. आणि त्याच संध्याकाळी, ती गेल्यावर, कापूस पुन्हा पेटलाच असता.